सरकारी अहवालाचा पत्ता

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन महाराष्ट्राच्या शिक्षणविचारातला पायाचा दस्तऐवज मानले जाते, आणि ते रास्तच आहे. सरकारी महसुलाचा मोठा वाटा राबणाऱ्या रयतेकडून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, म्हणून निदान 12 वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, हे म्हणणे त्यांनी तिथे मांडले. आज एखाद्या विद्यार्थ्याला हे निवेदन मूळ छापील खंडात पाहायचे असेल तर त्याने काय शोधावे? ग्रंथालयाच्या तालिकेत ‘फुले’ शोधले तर त्यांचे समग्र वाङ्मय मिळेल, मूळ खंड मिळणार नाही. ‘हंटर’ शोधले तर बहुतेक वेळा विल्यम हंटर यांची इतर पुस्तके समोर येतील. तो खंड ‘एज्युकेशन कमिशन’ या नावाचा आहे. मुंबई प्रांतिक समितीपुढच्या साक्षी आणि आयोगाला आलेली निवेदने त्यात एकत्र केली आहेत, आणि तो 1884 साली कलकत्त्याला छापलेला आहे. विषय मुंबई इलाख्याचा, छपाई कलकत्त्याची, कर्ता म्हणून आयोगाचे नाव, आणि आत साक्षीपुराव्यांच्या गर्दीत पुण्याचे जोतीराव. ज्या ग्रंथालयात हा खंड आहे तिथेही तो वाचकाला मिळेलच असे नाही, कारण वाचक ज्या नावाने विचारतो त्या नावाची नोंद तिथे कोणी केलेलीच नसते.

या पुस्तकाचा विषय ती नोंद हा आहे. सरकारी अहवाल छापखान्यातून बाहेर पडला, की तो प्रकाशित झाला असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे, की ज्याला गरज आहे त्याला तो स्वतःच्या शब्दांनी शोधता येईल अशी नोंद होईपर्यंत त्याचे प्रकाशन अर्धेच झालेले असते. उरलेले अर्धे काम ग्रंथालयाचे आहे. हे काम दुय्यम समजले गेले, कारकुनी समजले गेले, आणि त्याची किंमत आपण संशोधनात आणि सार्वजनिक वादांत आजही मोजतो आहोत. हे विधान जरा मोठे वाटेल, म्हणून आधी या प्रकाशनांनी पूर्वी काय काम केले ते आठवू.

दादाभाई नौरोजींनी 1876 मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला तेव्हा माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये हा आकडा त्यांनी सरकारी अहवालांतल्या पीकपाण्याच्या आणि भावांच्या कोष्टकांतून काढला होता. पुणे सार्वजनिक सभेचे त्रैमासिक 1878 पासून निघू लागले आणि न्यायमूर्ती रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यातून जमीनमहसूल, दुष्काळ, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा या विषयांवर जे लिहिले, त्याचा कच्चा माल सरकारी प्रकाशनांचाच होता. 1902 च्या अंदाजपत्रकावर गोखल्यांनी सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण नसून जादा कराची खूण आहे असे दाखवले, तेही सरकारच्याच आकड्यांवर. या पिढीजवळ दुसरे साधन नव्हते. सरकारने स्वतः छापलेला आकडा सरकारला नाकारता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. भारत सेवक समाज आणि गोखले अर्थशास्त्र संस्था यांच्या पुण्यातल्या ग्रंथालयात सरकारी अहवालांचा जो साठा जमला, तो याच सवयीतून जमला. पुढे 1979 पासून महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. मुंबई विधिमंडळाचे वृत्तांत, साउथबरो समितीपुढची 1919 ची साक्ष, सायमन आयोगाला दिलेली निवेदने असा त्यातला बराच मजकूर सरकारी छापील कागदांतच पडून होता. तो पुस्तकांच्या दुकानात कधीच नव्हता. कोणाला तरी तो खंडाखंडांतून शोधून काढावा लागला.

मग ही प्रकाशने दिसेनाशी का होतात? पहिले कारण कायद्यातच आहे. ग्रंथ प्रदान अधिनियम 1954 प्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. तो सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे. मात्र केवळ कार्यालयीन उपयोगासाठी असलेली पुस्तके त्यातून वगळली आहेत. ही सूट समजण्याजोगी आहे, पण मुखपृष्ठावर ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ एवढे शब्द आले की एखाद्या तालुक्याच्या पाणीटंचाईची पाहणीसुद्धा कायद्याच्या बाहेर जाते. प्रत न दिल्याबद्दलचा दंड 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. ज्या अहवालाला किंमतच छापलेली नाही त्याच्या बाबतीत हा धाक किती उरतो, ते सांगायला नको. 1958 पासून निघणारी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची या कायद्याने आलेल्या प्रतींवर उभी आहे. जे पोचले नाही ते सूचीत नाही, आणि जे सूचीत नाही ते विकत घेण्याचा विचार दुसरे ग्रंथालय करू शकत नाही.

शासकीय मुद्रणालयात छापलेल्या आणि शासकीय ग्रंथागारात विकायला ठेवलेल्या पुस्तकांचे निदान नाव तरी कुठेतरी लागते. खरी पडझड आहे ती बिनकिमतीच्या, विभागाने परस्पर काढलेल्या अहवालांची. 1960 ते 1990 या काळातला सायक्लोस्टाईल केलेला एखादा अहवाल हातात घेऊन पाहावा. फुलस्केप कागद पिवळा पडलेला, टाचण्यांचा गंज पहिल्या दोन पानांवर उतरलेला, शाई मध्येच फिकी. वर विभागाचे नाव असते, विषय असतो, साल पुष्कळदा नसते. मग ते साल आतून काढावे लागते. सोबतच्या पत्राची तारीख पाहायची. पत्र नसेल तर कोष्टके पाहायची, शेवटचे कोष्टक 1971-72 पर्यंत येत असेल तर अहवाल त्यानंतरचा. प्रस्तावनेत कुठल्या सचिवांचे आभार मानले आहेत ते पाहायचे आणि ते त्या पदावर कधी होते ते पडताळायचे. मग ते साल चौकोनी कंसात लिहायचे, म्हणजे ते अनुमानाने काढलेले आहे हे पुढच्याला कळते. या एका अहवालाला ग्रंथपालाचा अर्धा दिवस जातो. ज्या संस्थेत कामाचा हिशेब दिवसाला किती पुस्तके दाखल झाली यावर होतो, तिथे असा अहवाल बाजूला ठेवला जातो आणि बाजूलाच राहतो.

दुसरे कारण नावांचे आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यांत मोठे आहे. समितीचे नाव सरकार ठरवते, पण ते लोकांच्या तोंडी क्वचितच बसते. लोक अध्यक्षांच्या नावाने बोलतात. सीमाप्रश्नावर बोलणारा प्रत्येक मराठी माणूस महाजन आयोगाचे नाव घेतो, पण 1967 च्या त्या अहवालाचे अधिकृत नाव ‘महाराष्ट्र-म्हैसूर-केरळ सीमातंटा आयोगाचा अहवाल’ अशा अर्थाचे आहे. कर्नाटक हे नाव 1973 साली आले, त्यामुळे ‘महाराष्ट्र-कर्नाटक’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावरच्या चर्चेत दांडेकर समितीचा 3,186 कोटी रुपयांचा आकडा वारंवार येतो. अहवालावर नाव आहे प्रादेशिक असमतोलाबाबतच्या सत्यशोधन समितीचे. मंडल आयोग हा अधिकृतपणे दुसरा मागासवर्ग आयोग. 1875 साली सुप्याला सुरू झालेल्या दंग्यांच्या चौकशीला आपण सर्रास ‘डेक्कन रायट्स कमिशन’ म्हणतो, पण छापील अहवाल पुणे व अहमदनगर इथल्या दंग्यांबाबतच्या समितीचा आहे, आणि शेतकऱ्यांच्या कर्जाची सगळी तपशीलवार कागदपत्रे त्याच्या वेगळ्या बांधलेल्या परिशिष्टांत आहेत. मुख्य खंड एका कपाटात आणि परिशिष्टे दुसऱ्या कपाटात गेली, की संशोधक निष्कर्ष वाचतो आणि पुराव्याला मुकतो.

विभागांची नावेही स्थिर नसतात. पाटबंधारे विभागाचा जलसंपदा विभाग झाला. त्याहून कठीण आहे प्रदेशाचे. यवतमाळ जिल्हा घ्या. 1905 पर्यंत त्याचे सरकारी नाव वणी जिल्हा होते. 1903 पर्यंतचे त्याचे कागद ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे वऱ्हाडाच्या प्रशासनाखाली छापलेले आहेत. तिथून मध्यप्रांत व वऱ्हाड, 1950 पासून मध्य प्रदेश, 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. एकाच जिल्ह्यातल्या कापसाचा शंभर वर्षांचा आलेख काढायचा म्हटले तर पाच सरकारांची प्रकाशने पाच नावांखाली शोधावी लागतात, आणि त्यांतली बरीच नागपूरला छापलेली असतात. मराठवाड्याचे 1948 पर्यंतचे कागद निजामाच्या सरकारचे, उर्दू आणि इंग्रजीतले. गोव्याचे 1961 पर्यंतचे पोर्तुगीजमधले. आता उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर हीच अडचण पुढच्या पिढीसाठी आपण आज निर्माण करत आहोत. नाव बदलणे हा सरकारचा निर्णय आहे. जुन्या नावापासून नव्यापर्यंत आणि नव्यापासून जुन्यापर्यंत ‘पहा’ अशी नोंद जोडणे हे तालिकाकाराचे काम आहे, आणि ते नाव बदलल्याच्या दिवशी करायचे काम आहे.

या प्रकाशनांबद्दल एक गैरसमज असा, की ती म्हणजे रुक्ष आकडे आणि आदेश. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पहिल्या खंडाचा दुसरा भाग 1896 साली निघाला, त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आहे आणि फ्लीट यांचे कानडी मुलखातल्या राजघराण्यांवरचे लेखन आहे. पहिल्या भागात भगवानलाल इंद्रजींचे गुजरातच्या इतिहासावरचे काम आहे. तालिकेत त्या खंडाची नोंद केवळ ‘गॅझेटियर, खंड 1’ एवढी असेल, तर भांडारकरांवर काम करणाऱ्याला तो सापडत नाही. मुंबई सरकारच्या ‘सिलेक्शन्स’ मालिकेचे तसेच आहे. इंदापूरच्या जमाबंदीपासून कोकणातल्या वहिवाटीपर्यंतचे अहवाल मालिकेच्या क्रमांकांखाली दडलेले आहेत, आणि कित्येक ठिकाणी अख्ख्या मालिकेला एकच नोंद आहे. गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातून निवडलेले कागद 45 भागांत छापले, तेही मुंबई सरकारचेच प्रकाशन. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक ते रोज वापरतो, कारण सरदेसायांमुळे ते नाव तालिकेत आणि स्मरणात बसले. संपादकाचे नाव असलेले प्रकाशन सापडते आणि ज्यावर फक्त खात्याचे नाव आहे ते सापडत नाही, हा फरक गुणवत्तेचा मुळीच नाही. तो नोंदीचा आहे.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांत अधिकृत वितरणातून निसटलेल्या सरकारी प्रकाशनांना ‘फरारी’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द ठसठशीत आहे, पण आपल्या परिस्थितीला तो पुरता लागू पडत नाही. आपले पुष्कळसे अहवाल ग्रंथालयाच्या आवारातच असतात, त्यांना आवाज देण्याचे नाव तेवढे ठरलेले नसते. नियम नाहीत असेही नाही. रंगनाथनांच्या वर्गीकृत तालिका संहितेने सरकारला आणि त्याच्या विभागांना ग्रंथकर्त्याचा दर्जा दिला, आणि तात्पुरत्या समिती-आयोगांच्या शीर्षकात नेमणुकीचे साल व अध्यक्षांचे नाव जोडण्याची सोय केली. म्हणजे ‘महाजन’ या नावाला तालिकेत जागा मिळण्याचा मार्ग आपल्याच देशात फार पूर्वी आखला गेला. आज कोहा किंवा ई-ग्रंथालय वापरणाऱ्या ग्रंथपालाला अध्यक्षांचे नाव एका जादा रकान्यात भरायला मिनिटही लागत नाही. तरी ते भरले जात नाही, कारण मुखपृष्ठावर जे आहे तेवढेच उतरवायचे अशी सवय लागली आहे. हिंदुस्थानातल्या सरकारी प्रकाशनांची निर्देशसूची 1900 साली फ्रँक कँबेल यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासाठी केली. केंद्र सरकारच्या प्रकाशनांची लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिजपुरती सामायिक तालिका राजेश्वरी दत्त यांनी 1970 मध्ये केली. मुंबई सरकारच्या प्रकाशनांसाठी मुंबई-पुणे-नागपूरच्या ग्रंथालयांची अशी एकत्र तालिका आपल्या हाताशी असायला हवी होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आता सगळे इंटरनेटवर आहे. शासन निर्णयांपुरते हे बरेच खरे आहे. प्रत्येक निर्णयाला आता संकेतांक असतो, तो टाकला की निर्णय समोर येतो, आणि ही फार चांगली सोय झाली आहे. पण ज्याच्याजवळ संकेतांक आहे त्याला निर्णय आधीच ठाऊक असतो. अहवालांचे तसे नाही. ते विभागाच्या संकेतस्थळावर चढतात आणि संकेतस्थळ नव्याने बांधले की जुना दुवा मरतो. जुने मराठी अहवाल ज्या संगणकीय फाँटमध्ये जुळवले गेले ते युनिकोडपूर्व काळातले आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण ‘दुष्काळ’ असा शोध घेतला तर एकही शब्द जुळत नाही, कारण आतली अक्षरे यंत्राच्या लेखी रोमन चिन्हे असतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तके चित्रित केली आणि त्यांत सरकारी अहवाल पुष्कळ होते. हे उपकार मोठे आहेत. पण शीर्षके तुटकी, नावे चुकीच्या स्पेलिंगांची, खंड क्रमांक गायब, असे त्या नोंदींचे स्वरूप राहिले. चित्र घेण्याने पुस्तक वाचते, शोधणाऱ्यापर्यंत ते पोचायला नोंद लागतेच. इंटरनेटमुळे नोंदीची गरज उलट वाढली आहे.

दुसरा आक्षेप पुराभिलेखागाराचा आणि माहिती अधिकाराचा. मुंबईचे पुराभिलेखागार 1821 पासूनचे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण ते दप्तर जपते, म्हणजे सरकारने आपल्या कामासाठी लिहिलेले कागद. प्रकाशन म्हणजे जनतेने वाचावे म्हणून छापलेला मजकूर. त्याची जागा वाचनालयात आहे. माहितीचा अधिकार अर्जदाराने कागदाचे नाव आणि कालावधी सांगितला तरच नीट चालतो, म्हणजे तिथेही आधी नोंद हवी. 2005 च्या अधिनियमातल्या कलम 4(1)(क) ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपल्या अभिलेखांची सूची व निर्देश तयार ठेवण्याचे बंधन घातले आहे. चौकशी आयोगांच्या कायद्यातही अहवाल कार्यवाहीच्या टिपणीसह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे. पटलावर ठेवला गेलेला अहवाल सार्वजनिक असतो, यात वाद नाही. तो पटलावरून जिल्ह्याच्या ग्रंथालयात कसा जातो, याची मात्र कुठे तजवीज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ग्रंथालयांजवळ माणसे नाहीत, अनुदान अपुरे आहे, आणि वाचक कादंबरी किंवा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक मागतो. अशा वेळी कोणी न मागितलेल्या अहवालांवर अर्धा दिवस का घालवावा? याला उत्तर असे, की ज्याची नोंद नाही ते कोणी मागूच शकत नाही. मागणी नाही हा पुरावा धरून नोंद टाळणे म्हणजे कारणालाच परिणाम समजणे होय. तरी माणसांची टंचाई खरी आहे, म्हणून काम वाटून घ्यावे लागेल. सगळ्या सरकारी प्रकाशनांची जबाबदारी एका ग्रंथालयावर टाकली तर ती कोणाचीच राहणार नाही. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्यापुरते पाहावे: जनगणनेची जिल्हा पुस्तिका, दरवर्षीचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, गॅझेटियरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, जमाबंदीचे अहवाल, जिल्ह्यावर नेमलेल्या समित्या. एवढ्याची यादी काही शेकड्यांत बसते. सगळ्या जिल्ह्यांच्या याद्या एका नमुन्यात झाल्या तर त्या जोडता येतात. 1939 साली मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्तीपासून गावापर्यंतच्या ग्रंथालयांची साखळी सुचवली होती, आणि 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने तिचा सांगाडा उभा केला. या कामासाठी नवी यंत्रणा मागण्याची गरज नाही.

पुढच्या प्रकरणांत शीर्षके कशी करायची, मालिकांतल्या खंडांची वेगवेगळी नोंद कशी करायची आणि साल नसलेल्या अहवालाचे साल कसे ठरवायचे, हे क्रमाने येते. ते वाचण्याआधी प्रत्येक ग्रंथपालाला एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात जिन्याखाली किंवा शेवटच्या कपाटावर दोरीने बांधलेला अहवालांचा एक गठ्ठा असेलच. रद्दीवाला येण्याआधी तो सोडावा, आणि प्रत्येक अहवालाचे अधिकृत नाव, अध्यक्षांचे नाव, जिल्ह्याचे जुने व नवे नाव आणि साल एवढ्या चार गोष्टी आजच एका वहीत लिहून ठेवाव्यात.